बघून बोलणं

सोमवारी दुपारी व्हर्लीन बेझमोरनं डोव्ही स्पेलरला जे सुनावलं, ते व्हर्लीनच्या मानानं सौम्यच म्हणायचं. त्याहून तिखट ती सकाळपासून बाकीच्यांना बोलून चुकली होती. पण माणूस शंभर शब्द गिळतो आणि एकशेएकावा त्याच्या घशात अडकतो. डोव्हीचं तसंच झालं.

खालच्या शेतात रताळ्यांची काढणी चालली होती. दलदलीला लागून असलेला चार एकरांचा तुकडा. व्हर्लीनचा धाकटा दीर लेम्युएल ट्रॅक्टरवर बसून वरंबे उलथत पुढं जायचा आणि मागून अकरा माणसं, कोणी कमरेत वाकून, कोणी गुडघ्यांवर रांगत, मोकळ्या मातीतली रताळी वेचायची. सरळ, भरलेली एका बादलीत, वेडीवाकडी दुसरीत. जमिनीतून नुकत्याच निघालेल्या रताळ्याचं साल फार नाजूक असतं. टाकलं की सोलतं, सोललं की काळं पडतं, आणि काळं पडलेलं रताळं हिवाळा काढत नाही. म्हणून बादलीत टाकायचं नाही, ठेवायचं. हे त्या शेतातल्या प्रत्येकाला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. तरी व्हर्लीन ते दर पाच मिनिटांनी ओरडून सांगत होती.

"विटा रचताय का? रूफसदादा, बादली आपटू नका! ए ह्यूबर्ट, फिरायला आलायस का तू?"

ती ट्रकच्या मागच्या फळीवर उभी होती. ही जागा तिची नव्हे. बावीस वर्षं इथं तिचा नवरा उभा राहिला. ओथा बेझमोर, न्यू हेब्रन चर्चचा डीकन, म्हणजे मंडळीची कामं बघणारा सेवक. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता, आणि तरी त्याच्या शेतावर यायला माणसं दुसऱ्याचं काम अर्धं टाकून यायची. जुलैत एका सकाळी त्याच्या हातातून कॉफीचा कप पडला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. सप्टेंबर सरत आला तरी चार-पाच शब्दांपलीकडं काही परत आलं नव्हतं.

व्हर्लीननं खाली उतरून डोव्हीच्या बादलीत हात घातला. हाताला ढेकूळ लागलं. मग दुसरं, तिसरं.

"डोव्हीताई, ही रताळी का ढेकळं? डोळे गेले असतील तर घरी बसायचं. आंधळ्यांची शाळा नाही उघडली मी इथं."

ओळींतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. डोव्ही पासष्टीची बाई, चर्चमध्ये सगळे तिला 'मदर' म्हणायचे. ती एक हात मांडीवर टेकून हळूहळू सरळ झाली. एकेक बोट सोडवत तिनं हातमोजे काढले, बादलीच्या दांडीवर घडी घालून ठेवले.

"बरं," एवढंच म्हणाली आणि रस्त्याला लागली.

तिच्यामागून तिची मोठी सून अर्नेस्टीन उठली, धाकटी ग्लेंडा उठली, मुलगा उठला, भाची उठली. अकराचे सहा झाले. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर व्हर्लीनला बरं वाटलं असतं, भांडणात ती तरबेज होती.

"जा, जा!" ती मागून ओरडली. "माझ्यावाचून अडलंय तुमचं, तुमच्यावाचून माझं नाही!"

हे किती खोटं आहे ते सगळ्यांत जास्त तिलाच माहीत होतं. सकाळीच रेडिओवाल्यानं सांगितलं होतं की समुद्रात वादळ उठलंय आणि गुरुवारी पाऊस घेऊन जमिनीवर येईल. खालच्या शेतात पाणी शिरलं की दोन दिवस हलत नाही, आणि दीड दिवस पाण्यात राहिलेलं रताळं आंबतं, जमिनीतच सडतं. वरच्या शेतातलं बाजारचं रताळं कधीच निघालं होतं. खालच्या शेतात होतं ते घरचं वाण. ओथाच्या आजोबांनी निवडून निवडून राखलेलं, आतून गर्द केशरी, भाजलं की पाकासारखं गोड. दुसऱ्या कुणाकडं ते उरलं नव्हतं. ह्याच रताळ्यांतून दर मार्चला वाफ्यात रोपं धरायची. ते बुडालं तर पुढच्या वर्षी लावायला ह्या घराकडं स्वतःचं म्हणून काही उरणार नव्हतं.

संध्याकाळी तिनं ओथाला स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसवलं. मक्याचा पाव ताकात कुस्करून चमच्यानं भरवला, हनुवटी पुसली. तो तिच्याकडं बघत होता. लेम्युएल येऊन सगळं सांगून गेला असणार हे तिच्या लक्षात आलं.

"बघताय काय असं? ढेकळं होती बादलीत. खोटं बोलले का मी?"

ओथानं डावा हात हलवला. हो की नाही, काही कळलं नाही.

जेवणानंतर रोज ती त्याला शास्त्रातला एक अध्याय वाचून दाखवायची. आज पहिल्या मंडळीची हकिगत आली होती. त्यात एक गृहस्थ होता, त्याला लोकांनी नावच 'धीर देणारा' असं पाडलेलं. ज्या माणसाच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नव्हतं, त्याला शोधायला हा आपण होऊन परगावी गेला आणि हाताला धरून घेऊन आला. व्हर्लीन भराभर वाचत होती, मन शेतात होतं. ओथानं मधेच पानावर बोट ठेवलं.

"काय? परत वाचू?"

बोट हललं नाही. 'शोधायला गेला' ह्याच शब्दांवर ते होतं.

"ते तुम्हाला जमायचं हो. तुम्ही फळीवर उभे राहून नुसतं 'हं' म्हटलं तरी माणसं पाठ मोडून काम करायची. माझ्या तोंडाला ते वळणच नाही. आमच्या अण्णांनी जन्मात आम्हाला 'बरं केलंस' म्हटलं नाही, आणि शेत उभं केलंच ना त्यांनी?"

"जा," ओथा म्हणाला.

"रविवारी चर्चमध्ये भेटेल तेव्हा बोलेन मी."

"जा!" ह्या वेळी त्यानं टेबलावर हात आपटला. चार शब्द उरलेल्या माणसानं त्यातला एक दोनदा खर्च केला होता. तरी व्हर्लीन त्या संध्याकाळी गेली नाही. तिनं भांडी घासली, जरुरीपेक्षा जास्त जोर लावून.

मंगळवारी तिनं दुसरी युक्ती केली. लोकांना गोड शब्दच हवेत ना, मग घ्या, पोटभर घ्या, असं ठरवूनच ती फळीवर चढली.

"देवाची स्तुती असो! वा, रूफसदादा, वा! फार छान! फार सुंदर! देव तुमचं भलं करो! आमेन!"

सहा माणसं खाली मान घालून वेचत होती. पहिल्या वेळी रूफसदादानं चमकून वर पाहिलं. म्हाताऱ्याला दम्याचा त्रास, त्याला वाटलं आपल्याला काही झालं की काय. दहाव्या 'फार सुंदर'ला माणसं एकमेकांकडं बघायला लागली. व्हर्लीनचा सूर तोच होता, कालचा. शिव्यांच्या जागी तिनं नुसते आशीर्वाद घातले होते.

साडेदहाच्या सुमाराला ह्यूबर्ट बादली घेऊन ट्रकपाशी आला. तिशीचा उंच गडी, अंगात काम कमी आणि खोड्या जास्त अशी त्याची ख्याती. त्यानं बादली तिच्या पायापाशी उचलून धरली.

"कशी आहे, काकू?"

व्हर्लीन लांबच्या ढगांकडं बघत होती. "फार सुंदर, ह्यूबर्ट! देवानं सोन्याचे हात दिलेत तुला!"

ह्यूबर्टनं बादली ट्रकवरच्या आपल्या नावाच्या पेटीत उपडी केली. धडाधडा ढेकळं पडली. ढेकळं, दोन दगड आणि एक फाटका बूट. एकही रताळं नाही.

सहाही माणसं हसत सुटली. रूफसदादा खोकत खोकत हसला, लेम्युएलनं ट्रॅक्टर थांबवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. व्हर्लीनचे कान तापले. जिभेवर काय काय आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"कशाला केलंस हे?" तिनं विचारलं.

ह्यूबर्टचं हसू ओसरलं. त्यानं टोपी मागं सारली.

"काकू, रागावू नका. पण काल तुम्ही शिव्या दिल्यात ना, त्या तरी बघून दिल्यात. बादलीत हात घालून दिल्यात. आजचं हे कौतुक तर बघितल्याशिवायच. त्यापेक्षा शिव्या बऱ्या."

तो परत आपल्या ओळीत जाऊन वाकला. व्हर्लीन फळीवर उभी राहिली, आणि पहिल्यांदाच तिला तिथं उभं राहायची लाज वाटली. थोड्या वेळानं ती खाली उतरली. एक रिकामी बादली घेतली आणि रूफसदादाच्या शेजारची ओळ धरली.

आठ वर्षांत ती ओळीत वाकली नव्हती. अर्ध्या तासात कंबर भरून आली, नखांत माती गेली, गुडघ्याखाली खडा आला की डोळ्यांत पाणी यायचं. पण फळीवरून जे दिसत नव्हतं ते इथं दिसायला लागलं. रूफसदादा बादली आपटत नव्हताच. दम लागला की तो ती मांडीवर टेकवून मग खाली ठेवायचा, तो आवाज यायचा. वरून ऐकणाऱ्याला तो आपटल्यासारखा वाटायचा.

"दादा, तुम्ही मांडीवर घेता होय बादली?"

"मग काय करणार? खाली वाकून ठेवायला छाती देत नाही."

"काल मी उगीच ओरडले."

रूफसदादानं तिच्याकडं पाहिलं. मग दोन रताळी बादलीत ठेवली. "हं," म्हणाला. आणि जरा वेळानं, "तुझी ती बादली फार भरतेस. पाऊण भर. वरची खालच्यांना दाबतात."

दुपारी लोक सावलीला बसून सार्डिन मासळीचे डबे उघडत होते तेव्हा तिनं डोव्हीची कालची पेटी शोधून काढली. तिच्यावर खडूनं नाव होतं. पेटी रिकामी करून तिनं एकेक रताळं हातात घेतलं, फिरवून पाहिलं. मग तशीच मातीच्या हातांनी गाडीत बसली.

डोव्ही ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. मांडीवर टोपलं, पायाशी टरफलांचा ढीग. ती शेंगांकडं बघतच नव्हती. बोटंच फट शोधायची आणि दाणे काढायची.

"ये," ती म्हणाली. बस म्हणाली नाही.

व्हर्लीन पायरीवर उभी राहिली. "डोव्हीताई, मला माणसं कमी पडतायत. परवा पाऊस आहे."

"ठाऊक आहे. आमच्याकडंही रेडिओ आहे."

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

व्हर्लीनला वाटलं होतं, 'चुकलं' म्हटलं की संपेल. "बोलले ते. जास्त बोलले."

डोव्हीनं एक शेंग संपवली. "परवाच्या रविवारी कूपरांचा पोरगा पहिल्यांदा उपदेशाला उभा राहिला. आठवतं? पाय लटपटत होते. पान हरवलं, शब्द हरवला, घामानं भिजला. सगळ्या चर्चमध्ये पहिला आवाज कुणाचा आला?"

व्हर्लीन नखांतली माती उकरत राहिली.

"तुझा. 'सावकाश घे लेकरा, आम्ही आहोत.' मग सगळे म्हणायला लागले, आणि पोरगा बोलता झाला. मला वाटलं, काय बाई आहे ही! आणि सोमवारी हीच बाई माझ्या डोळ्यांवर..." तिनं टोपलं उगाचच हलवलं.

"चर्चमध्ये आपण देवासमोर असतो, ताई."

"आणि शेतात कुणासमोर असतो गं?"

व्हर्लीन पायरीवर बसली. समोरच्या पेकानच्या झाडाखाली कोंबड्या उकरत होत्या.

"डावा डोळा गेलाय," डोव्ही म्हणाली. "पडदा आलाय. उजव्यानं धूसर दिसतं. सुनांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तू सगळ्यांसमोर सांगून टाकलंस, तुला माहीत नसताना."

व्हर्लीननं आपल्या मातीच्या हातांकडं पाहिलं. ढेकळं का आली ते तिला आत्ता कळलं होतं, आणि ते विचारायचं कालच्या दिवसभरात तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"मी आत्ता तुमची पेटी तपासून आले," ती शेवटी म्हणाली. "सगळी. एकेक रताळं. ढेकळं आहेत, ताई, खोटं नाही सांगणार. नऊ होती. पण रताळी दोनशेच्या वर होती आणि एकाचंही साल गेलेलं नाही. एकाचंही नाही. माझ्या स्वतःच्या पेटीत आज बारा सोलली. बियाण्याची रताळी त्या शेतात तुमच्याइतकी जपून कुणी काढत नाही, आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. तिथं तुम्ही नसाल तर मी ती निम्मी नासवीन."

डोव्हीची बोटं थांबली. ती हसली, पण नाकातून. "बारा?"

"बारा."

"एका सकाळीत बारा! घरी बसायचं गं मग, शाळा नाही उघडलेली तिथं."

व्हर्लीन हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. डोव्हीनं ते पाहिलं की नाही कोण जाणे. तिनं टोपलं खाली ठेवलं.

"एक सांगते. जे चारचौघांत बोललीस ते ओसरीवर येऊन पुसलं जात नाही. चारचौघांत सांडलंस, तिथंच भरून काढ. मग बघू."

"म्हणजे येणार?"

"मी 'बघू' म्हटलं. जेवलीस का? तोंडावरून तर दिसत नाही."

बुधवारी सकाळी दंव होतं आणि वारा पूर्वेकडून वाहत होता. सहाजण जमले. लेम्युएल ट्रॅक्टरभोवती घुटमळत होता. सात वाजले, सव्वासात. मग रस्त्यावर जुनी हिरवी गाडी दिसली. डोव्ही पुढं, अर्नेस्टीन गाडी चालवत, बाकीची मागं.

डोव्ही उतरली आणि हात बांधून उभी राहिली. हातमोजे घातले नाहीत. सगळे थांबले.

व्हर्लीननं फळीकडं पाहिलं, पण ती वर चढली नाही. जमिनीवरच उभी राहिली.

"सोमवारी मी डोव्हीताईंना इथं, सगळ्यांसमोर, जे बोलले ते वाईट बोलले. त्यांच्या डोळ्यांना त्रास आहे. मी विचारलं नाही आणि टोमणा मारला. त्या इथं वेचायला लागल्या तेव्हा मी शाळेत होते. मी सगळ्यांसमोर त्यांची क्षमा मागते." तिला दम लागला, जसा चढण चढून लागतो तसा. "आणि बाकीच्यांनाही मी जे बोलले त्यातलं निम्मं उगीच होतं."

"निम्मंच?" ह्यूबर्ट म्हणाला.

"निम्मंच," व्हर्लीन म्हणाली. "तुझ्या बाबतीत पाव."

हशा पिकला. डोव्हीनं खिशातून हातमोजे काढले.

त्या दिवशी कामाची मांडणी बदलली. डोव्हीनं बियाण्याच्या ओळी घेतल्या. तिच्या शेजारी अर्नेस्टीन, जी ढेकळं काढायची. रूफसदादाला वाकायचं नाही, त्यानं भरलेल्या बादल्या ट्रकवर द्यायच्या. व्हर्लीन मधल्या ओळीत. ती फार बोलत नव्हती. बोलायचं झालं की आधी हात थांबवून बघायची, मग बोलायची. "ग्लेंडा, तू वेल असे बाजूला सारतेस ना, त्यानं मागच्याचं काम अर्धं होतं." "लेम्युएल, जरा खोल घे, टोकं तुटतायत." पहिलं ऐकून ग्लेंडा लाजली. दुसरं ऐकून लेम्युएलनं फाळ खाली घेतला, रुसला नाही. चूक आहे तिथं चूकच म्हणायची, पण माणसाकडं बघून, हे तिला हळूहळू जमत होतं. मधेच जुनी व्हर्लीन उसळून यायची. एकदा तिनं "अरे गाढवा" म्हटलं आणि सगळ्या ओळींतून एकदम "काकू!" असा आवाज आला.

संध्याकाळी पेट्या उबेच्या खोलीत लागल्या, जिथं रताळ्यांचं साल घट्ट होईपर्यंत ती ठेवायची. ओथा तिथं खुर्चीत बसला होता. डाव्या हातानं बियाण्याची रताळी निवडून वेगळी ठेवत होता. जाताना प्रत्येकजण त्याच्या खांद्याला हात लावून गेला.

गुरुवारी दहाला पहिली सर आली. आधी बारीक, मग आडवी, मग अंगात घुसणारी. सहा ओळी राहिल्या होत्या. बारा वाजता ट्रॅक्टर चिखलात रुतला, तो लेम्युएलनं दोन फळ्या घालून काढला आणि वर नेऊन उभा केला. मग हातात लांब दांड्याचे लोखंडी काटे घेऊन माणसं वरंबे उकरायला लागली. माती चिकट झाली होती. एकेक रताळं चिखलातून सोडवून घ्यावं लागत होतं. गुडघे बुडत होते, बोटं बधिर झाली होती. शेताच्या कडेचा चर पाण्यानं भरला होता आणि तपकिरी पाणी हळूहळू शेतात पसरत होतं.

"डाव्या बाजूची छान निघतायत!" व्हर्लीनचा आवाज बसला होता, तरी ती ओरडत होती. "ह्यूबर्ट, तसंच, काटा तसाच तिरका घाल! डोव्हीताईंची ओळ संपली! बियाणं सगळं आलं! ऐकलंत का, बियाणं सगळं आलं!"

त्या शेवटच्या वाक्यानं चिखलात वाकलेल्या पाठी एकदम सरळ झाल्या. कुणी तरी गाणं काढलं, चर्चमधलं, लांबवून म्हणायचं. वाऱ्यात त्याचे निम्मे शब्द उडून गेले.

तीन वाजता दोन ओळी उरल्या, अगदी काठाच्या. त्यांतली एक पाण्याखाली गेली होती. रूफसदादानं काटा उचलला.

"दोनच ओळी गं, व्हर्लीन. अर्ध्या तासाचं काम."

व्हर्लीननं ओळींकडं पाहिलं. तिच्या उभ्या आयुष्यात तिनं जमिनीत रताळं सोडलं नव्हतं. तिच्या बापानं तिला एकदा कंदील घेऊन परत पाठवलं होतं, चुकलेलं एक वेचायला. मग तिनं रस्त्याकडं पाहिलं. ओढ्यावरचा पूल सखल होता, आणि ह्यातली सातजणं पुलाच्या पलीकडं राहत होती.

"नको," ती म्हणाली. "राहू देत. पूल बुडायच्या आत घरी जायचंय तुम्हाला. काटे ठेवा."

माणसं ट्रकपाशी आली. सगळ्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं. व्हर्लीन फळीवर चढली, ह्या वेळी एका हातानं ट्रकची कड धरून.

"थांबा. दोन मिनिटं." आवाज घोगरा, अर्धा वाऱ्यात जाणारा. "लेम्युएल. ट्रॅक्टर रुतला तेव्हा तू शिवी दिली नाहीस. मी कान देऊन होते."

"मनात दिली, वहिनी."

"ती देवानं ऐकली, मी नाही. रूफसदादा, काल तुम्ही एकशे चाळीस बादल्या वर दिल्यात. छाती देत नसताना. मी मोजत होते, आणि मला तुमची काळजी वाटत होती. ग्लेंडा, तुझी ओळ सगळ्यांत आधी संपली आणि तू बसली नाहीस. अर्नेस्टीन, तू सासूची ढेकळं अशी काढलीस की त्यांना कळलंसुद्धा नाही."

"मला कळत होतं," डोव्ही म्हणाली.

पाऊस वाढत होता. पूल बुडायची भीती सगळ्यांना होती, गाड्यांची दारं उघडी होती. पण नाव येईपर्यंत कुणी हलत नव्हतं. ज्यांची नावं झाली ते दुसऱ्याचं ऐकायला थांबले होते. ह्यूबर्ट खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला होता. त्याच्या पायात रबरी बूट होते, त्यांना नाडी नव्हती.

"ह्यूबर्ट."

तो उठला नाही, पण त्याचे हात थांबले.

"दुपारी रूफसदादा खोकत बसले तेव्हा तू तुझा कोट त्यांच्यावर टाकलास आणि नुसत्या सदऱ्यात काम केलंस. कुणाला सांगितलं नाहीस. तू चांगला माणूस आहेस. हे तुला कुणी सांगितलं नसेल तर आज मी सांगते."

ह्यूबर्टला काही विनोद सुचला नाही. त्यानं टोपी काढली, पिळली आणि परत घातली.

व्हर्लीननं एकेक करत राहिलेली सगळी नावं घेतली, डोव्हीचं शेवटी. मग थकून हात सोडला. "झालं. जा आता."

"झालं नाही," डोव्ही म्हणाली. तिनं धूसर डोळा फळीच्या दिशेनं वळवला. "व्हर्लीन बेझमोर. हिनं आज दोन ओळी पाण्याला दिल्या, आपण पुलापलीकडं नीट पोचावं म्हणून. ओथा इथं उभा असता तर त्यानंही हेच केलं असतं. मी सांगते ना, अगदी हेच."

"आमेन," रूफसदादा म्हणाला. मग सगळ्यांनी म्हटलं.

व्हर्लीननं ट्रकची कड परत धरली. तोंडावरून पाणी वाहत होतं, आणि ते सगळंच पावसाचं नव्हतं. मग तिनं घसा खाकरला.

"भिजताय काय माकडांनो तोंडाकडं बघत! निघा म्हटलं ना!"

सगळे हसत हसत गाड्यांकडं पळाले. ती मात्र फळीवरून उतरायचं विसरून तशीच उभी राहिली. शेवटी डोव्हीनं चाचपत हात पुढं केला आणि तिला खाली उतरवून घेतलं.